येऊ घातलेला आकडा

सुसंस्कृत राष्ट्रात कोणताही नियम जाहीर होण्याआधी तो सर्वांना माहीत असावा लागतो. जाहीर झाल्यावर कळतो त्याला हुकूम म्हणतात, आणि हुकूम आम्हा लोकांना चालत नाही. साथीच्या त्या दोन वर्षांत आमच्या देशाने हे तत्त्व इतक्या कसोशीने पाळलं, की शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर पत्रकार परिषद सुरू होई तेव्हा मंत्रिमहोदयांकडे नवीन सांगण्यासारखं काही उरलेलं नसे. ते बिचारे कागद सरळ करत, घसा खाकरत आणि आम्हाला आधीच पाठ असलेला धडा म्हणून दाखवत. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला, की आमच्या हार्लिंगेन गावातल्या घराघरांतून "चुकला" असा आवाज येई.

येथे एक गोष्ट नमूद करणं भाग आहे. आमचा निम्मा देश समुद्राच्या पातळीच्या खाली आहे. शेकडो वर्षं आम्ही बांध घालून बसलो आहोत, आणि तो फुटू नये म्हणून चांगली चांगली डोकी पगारावर ठेवली आहेत. पाणी आत येत नाही. बातमी मात्र अडत नाही. सोमवारी मंत्र्यांची बैठक बसली की मंगळवारी ती फुटते. (एकदा ती बैठक बसण्याच्या आदल्या दिवशीच फुटली. मंत्र्यांना पेपर वाचून बैठकीला जाता आलं, त्यामुळे कामकाज लवकर आटोपलं.) बांध फुटला तर चौकशी होते. बातमी फुटली तर अंदाज होतात, आणि अंदाजाला खर्च येत नाही.

हार्लिंगेनमध्ये अंदाजाचं मुख्य केंद्र बंदरावर गोस मासेवाल्याच्या गाडीपाशी होतं. गोसचा सरकारशी थेट संबंध होता. त्याच्या मेव्हणीची मैत्रीण हेगमध्ये एका दातांच्या दवाखान्यात काम करते, आणि त्या दवाखान्याच्या खिडकीतून मंत्रालयाची खिडकी दिसते. संध्याकाळी मंत्रालयातले दिवे आठनंतर चालू राहिले तर हॉटेलं बंद. दहानंतर चालू राहिले तर शाळा. एका रात्री ते पहाटेपर्यंत चालू होते, तेव्हा गावातल्या दुकानांतलं पीठ दुपारच्या आत संपलं. (सफाईवाला दिवे घालवायला विसरला होता, असं पुढे कळलं. तोवर आमच्याकडे केक करून झाले होते.)

तळलेल्या माशांच्या त्या रांगेत, दीड मीटरचं अंतर राखून, मी स्वतः एक पाहणी केली. चालू आठवड्यात नेमका कोणता नियम आहे, हे शंभरातल्या एकतीस जणांना सांगता आलं. पुढच्या आठवड्यात कोणता नियम येणार आहे, हे चौऱ्याण्णव जणांनी सांगितलं. उरलेल्या सहांपैकी दोघे जर्मन पर्यटक होते.

अंदाज खोटे ठरतात असं काही लोक म्हणतात. ते अनुभवाला धरून नाही. न्हाव्यांची दुकानं बंद होणार असं फुटलं, तेव्हा सगळ्या गावाने दोन दिवसांत केस कापून घेतले. ज्यांचे आदल्याच आठवड्यात कापलेले होते त्यांनीही घेतले, कारण पुढचं कोणी पाहिलंय. बंदी आली नाही. पण त्यानंतर कितीतरी आठवडे गावात कापायला केसच शिल्लक नव्हते, सबब न्हाव्याने दुकान आपण होऊन बंद ठेवलं. म्हणजे अंदाज बरोबरच होता, फक्त सरकार कमी पडलं.

या पार्श्वभूमीवर हिल्त्येबाई ऐंशीच्या झाल्या.

हिल्त्येबाई माझ्या शेजारीण. बांधाच्या पायथ्याशी आमची दोन बुटकी घरं एकाला एक चिकटून उभी आहेत, मध्ये कमरेएवढं कुंपण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा विब्रेन पाणी मंडळात आहे. कोणता बांध किती टक्के फुटू शकतो याचं गणित मांडणं हे त्याचं काम, आणि तो ते जेवतानाही करतो. मुलगी फ्राउक्ये नर्स. तिला दोन मोठी मुलं. आणि हिल्त्येबाईंची थोरली बहीण आउक्ये, वय त्र्याऐंशी, समोरच्या तेर्स्केलिंग बेटावर राहते. हार्लिंगेनच्या धक्क्यावरून बोटीने दोन तास.

आमच्याकडे वाढदिवस म्हणजे गोल. बैठकीच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या भिंतीला पाठ लावून मांडायच्या आणि माणसांनी त्यांवर बसून एकमेकांच्या गुडघ्यांकडे पाहायचं. येणाऱ्याने आधी गोलातल्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन अभिनंदन करायचं असतं. ज्याचा वाढदिवस त्याचं नव्हे, प्रत्येकाचं. मुलाला म्हणायचं, तुझ्या आईबद्दल अभिनंदन. बहिणीला, तुमच्या बहिणीबद्दल अभिनंदन. मलासुद्धा दर वर्षी डझनभर लोक शेजारणीबद्दल अभिनंदन करून जातात, आणि मी ते काही केलं नसताना स्वीकारतो. मग कॉफी आणि गुलाबी साखर चढवलेल्या केकचा एक तुकडा. एकच. त्यानंतर मोहरीबरोबर चीजचे चौकोन, जडीबुटीच्या दारूचा छोटा पेला, आणि कोणीतरी मांडीवर हात आपटून "चला तर मग" म्हटलं की सगळे एकदम उठतात. ज्याचा वाढदिवस ते माणूस या सगळ्या वेळात स्वयंपाकघरात कॉफी करत असतं. त्याचं अभिनंदन जमलं तर जाता जाता होतं.

हिल्त्येबाईंना गोलाचं एवढं कौतुक नव्हतं. त्यांची मागणी एकच होती, ती त्यांनी सप्टेंबरातच कुंपणावरून मला सांगून टाकली होती.

"दाउवे, यंदा आउक्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली पाहिजे. बाकीचे गोल बसोत की चौकोनी बसोत."

यात अवघड काय, असं परक्या माणसाला वाटेल. अवघड असं, की दोघी बहिणी दीड वर्षात भेटल्या नव्हत्या. बोट रोज जात होती, रोज येत होती, एक दिवस थांबली नाही. पण बोट थांबणार असं दर थोड्या दिवसांनी फुटत असे. बेटावर अडकलं तर परत कसं यायचं, इकडे अडकलं तर कोणाकडे राहायचं. आउक्येने पाच वेळा पिशवी भरली आणि पाच वेळा रिकामी केली. सहाव्यांदा तिने ती भरलीच नाही, नुसती दाराला अडकवून ठेवली. आम्ही दीड वर्ष ज्या नियमाचं काटेकोर पालन केलं तो कधी निघालाच नव्हता, ही आमच्या नागरिकत्वाची उंची म्हणावी लागेल.

वाढदिवस शनिवारी. पत्रकार परिषद आदल्या संध्याकाळी. त्या आठवड्याच्या सुरुवातीला फुटलं, की घरी येणाऱ्या पाहुण्यांवर मर्यादा येणार. आकडा आठ.

विब्रेनने तातडीने फोनवर कुटुंबाचा एक गट काढला, त्यात मलाही घेतलं. आठ म्हणजे चिंतेचं कारण नाही, असा अभिप्राय त्याने दिला. तथापि खुर्च्यांमध्ये दीड मीटर लागेल. तो पाणी मंडळाची मोजपट्टी घेऊन आईच्या घरी आला, कपाट सरकवून, पडदा उचलून खोली मोजली, आणि या खोलीत नियमानुसार पाच खुर्च्यांच्या वर गोल होत नाही, पाचाचाही होतो तो गोल नसून अंडाकृती, असं त्याने जाहीर केलं. सबब वाढदिवस त्याच्या घरी. त्याचं घर शेजारच्या फ्रानेकर गावी, मोठं, नवीन, बैठकीच्या खोलीत सायकल फिरवता येईल एवढं.

हिल्त्येबाई म्हणाल्या, "बरं."

दुसऱ्या दिवशी आठाचे सहा झाले. (वर्तमानपत्रात 'जाणकार सूत्रांकडून' असं होतं. गोसच्या गाडीवरही सहाच चालू होता, म्हणजे खात्रीचा.) त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी चार, दुपारी दोन, संध्याकाळी पुन्हा चार. फ्राउक्येने गटात विचारलं की मुलं धरून का सोडून. यावर एका वर्तमानपत्रात एक मत होतं, दुसऱ्यात दुसरं, आणि गोसच्या मते तेरा वर्षांखालची धरायची नाहीत पण कुत्रा असेल तर धरायचा. शिवाय बोट बंद होणार हेही पुन्हा फुटलं, या वेळी नक्की.

तेव्हा विब्रेनने सर्वांत सुरक्षित म्हणून चार हा आकडा गृहीत धरला. मग प्रश्न उरला, चार कोण.

सामान्य कुटुंबात अशा वेळी भांडणं होतात. आमच्याकडे सूत्र झालं. विब्रेन म्हणाला की भावनेने ठरवलं तर कोणीतरी दुखावेल, आकड्याने ठरवलं तर सगळे दुखावतील पण कोणाला तक्रार करता येणार नाही. पद्धत सोपी होती. वाढदिवस असलेल्या व्यक्तीशी नातं काय, त्याप्रमाणे गुण. मुलं दहा, बहीण नऊ, नातवंडं आठ, शेजारी पाच. त्यातून धोक्याची वजाबाकी. वय सत्तरच्या वर असल्यास तीन वजा. पाणी ओलांडून येणाऱ्यास आणखी दोन वजा. यजमान आणि त्याची बायको त्याच घरात राहत असल्याने मोजणीत नाहीत.

या हिशेबाने फ्राउक्ये पहिली आली. तिची दोन्ही मुलं दुसरी आणि तिसरी. आउक्येचे नवातून तीन गेले, दोन गेले, राहिले चार. माझे पाचाचे पाच शाबूत, कारण मी सहासष्टचा आहे आणि माझ्या घराबाहेर पाणी नाही, बांध आहे. म्हणजे चौथा मी. आउक्ये पाचवी. निकाल लागला तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी आयुष्यात कुठल्या परीक्षेत चौथा आलो नव्हतो.

आता हिल्त्येबाई. वाढदिवस विब्रेनच्या घरी, आणि त्या त्या घरात राहत नाहीत, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने त्या पाहुण्या. पाहुण्याला गुण हवेत. गुण नात्याप्रमाणे. हिल्त्येबाईंचं हिल्त्येबाईंशी नातं काय, याला विब्रेनच्या सूत्रात जागा नव्हती, म्हणून तिथे शून्य पडलं. वय ऐंशी, तीन वजा. एकूण वजा तीन. त्या सगळ्यांत खाली आल्या, फ्रानेकरमधल्या विब्रेनच्या दूधवाल्याच्याही खाली. त्याचं नाव नमुन्यादाखल घातलं होतं.

फ्राउक्येने फोन केला. मी तेव्हा विब्रेनकडे, तो आईच्या घरी विसरलेली मोजपट्टी परत द्यायला गेलो होतो, म्हणून त्याचं उत्तर ऐकलं.

"सूत्राने आलंय ते. मी आणलेलं नाही."

पलीकडून ती बराच वेळ बोलली. वाढदिवस आईचा आहे, एवढं मला लांबूनही ऐकू आलं.

"म्हणूनच तिला जपायला नको का? या वयात चार घरच्या चार जणांत नेऊन बसवू?" विब्रेन म्हणाला. आणि तो मनापासून बोलत होता. आईवर त्याचा जीव आहे. बांधांवर आहे तसाच. जे महत्त्वाचं ते त्याने आजवर पाण्यापासून दूर ठेवूनच सांभाळलं.

शिवाय अडचण कुठे होती? आमच्या पद्धतीत अभिनंदन एकमेकांचंच करायचं असतं. वाढदिवस असलेलं माणूस नसलं तर एक हात कमी हलवावा लागतो, एवढाच फरक. साथीच्या काळात तो फायदाच. हिल्त्येबाईंना फोनवरून गाणं ऐकवायचं आणि केकचा तुकडा मी परतताना त्यांच्या पायरीवर ठेवायचा, असं सर्वानुमते ठरलं. एकमत झालं, कारण फ्राउक्ये तोवर रात्रपाळीला गेली होती.

विब्रेनने आईला गुणांच्या यादीसकट कळवलं. त्या म्हणाल्या, "बरं."

या 'बरं'वर गटात पुष्कळ चर्चा झाली. विब्रेनच्या मते तो समजूतदारपणाचा बरं होता. त्याच्या बायकोच्या मते रागाचा. सोमवारच्या बरंपेक्षा हा थोडा आखूड होता, असं फ्राउक्येच्या मुलाचं निरीक्षण. आईला फोन करून काय ते विचारावं असं कोणी सुचवलं नाही, कारण एकदा विचारलं की अंदाज संपतो.

शुक्रवारी सात वाजता सारा देश टीव्हीसमोर बसला. गोसने गाडी लवकर बंद केली होती. मंत्रिमहोदय आले, कागद सरळ केले, घसा खाकरला. पंधरा मिनिटं बोलले. घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या संख्येबाबत त्या दिवशी काय निघालं, ते योग्य ठिकाणी सांगेनच. वाचकांनी घाई करू नये. भाषण संपताच फ्राउक्येने गटात लिहिलं, "विब्रेन, ऐकलंस ना?"

विब्रेनचं उत्तर आलं: "ऐकलं. ते आजचं झालं. आपण पुढच्या शुक्रवारचं पाळतोय."

त्यावर वाद घालणं कठीण होतं. शिवाय केक चार पाहुण्यांच्या हिशेबाने कापून झाला होता, आणि कापलेला केक आमच्याकडे जवळजवळ कायदाच असतो. गटात रात्री उशिरापर्यंत अंगठे उमटत राहिले. हिल्त्येबाईंच्या खिडकीत दिवा होता. मी पडद्याआडून पाहिलं. त्या कपाटासमोर उभ्या होत्या. मी अंदाज केला की आवराआवर चालली असेल.

शनिवारी सकाळी मी दारासमोरची पानं झाडत होतो. हिल्त्येबाई बाहेर आल्या. निळा कोट, ओठांना रंग, हातात पिशवी, आणि दुसऱ्या हातात दोरीने बांधलेला केकचा खोका. अख्खा केक, न कापलेला. मी अभिनंदन करायला तोंड उघडलं, पण त्यांचं त्यांच्याचबद्दल अभिनंदन कसं करतात ते मला चटकन आठवेना.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"आउक्येकडे."

"हिल्त्येबाई, आज बोट बंद होणार म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"गोस."

"गोस मासे विकतो," त्या म्हणाल्या. "बोट चालवत नाही."

एवढं बोलून त्या बंदराच्या दिशेने निघाल्या. दीड वर्षात बोटीची चौकशी प्रत्यक्ष बोटीपाशी जाऊन करणारं गावातलं ते पहिलं माणूस. मी झाडू हातात घेऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने भोंगा वाजला, रोजच्या वेळेला वाजतो तसा. मी आत गेलो आणि फ्रानेकरला जायचा सदरा इस्त्रीला घेतला.

विब्रेनकडे गोल मांडलेला होता. खुर्च्यांमधलं अंतर फरशीवर खुणा करून नोंदलेलं. मधोमध भिंतीशी एक सातवी खुर्ची, तिला रंगीत कागदाच्या माळा गुंडाळलेल्या, कारण वाढदिवसाची खुर्ची सजवायचीच असते. तिच्यावर उशी आणि उशीवर फोन. आम्ही कोपराला कोपर लावून एकमेकांचं अभिनंदन केलं. विब्रेनला आईबद्दल, त्याच्या बायकोला सासूबद्दल, मुलांना आजीबद्दल. मला शेजारणीबद्दल पाच वेळा. कार्यक्रम अगदी रीतसर चालला होता, फक्त कॉफी कुठून येते हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. ती येईना, तेव्हा विब्रेन उठला आणि कितीतरी वेळ आत कपाटांची दारं उघडत-मिटत राहिला.

मग गाण्याची वेळ झाली. विब्रेनने आईच्या घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. आम्ही श्वास भरून बसलो होतो तो सोडला. पुन्हा लावला. पुन्हा सोडला.

त्यानंतर जे झालं त्याला मी आमच्या लोकांचा शिस्तबद्धपणा म्हणेन. कोणी धावाधाव केली नाही. गोलात डावीकडून उजवीकडे अंदाज सुरू झाले. झोपली असेल. कानातलं यंत्र काढून ठेवलं असेल. रुसली असेल, असं सूनबाई म्हणाल्या आणि तो आखूड बरं त्यांनी पुराव्यादाखल सादर केला. नातवाने पडण्याची शक्यता मांडली. विब्रेनने टक्केवारी काढली. कोणी जाऊन पाहावं का असंही निघालं, पण जो जाईल तो तिथे पाहुणा ठरेल, आणि तिच्या घरी पाहुणे किती चालतात हे आधी ठरवावं लागलं असतं.

माझी पाळी शेवटची होती. मी सांगितलं, "त्या बोटीने गेल्या. सकाळीच. आउक्येकडे."

"बोट तर बंद होणार होती," विब्रेन म्हणाला.

फ्राउक्येने बशी खाली ठेवली. रात्रपाळी करून ती झोपलेली नव्हती, डोळे लाल होते, त्यामुळे ते केव्हापासून भरले होते हे मला सांगता येणार नाही. ती उठून सजवलेल्या खुर्चीपाशी गेली, फोन उचलला आणि बेटावरचा नंबर लावून सगळ्यांना ऐकू येईल असा पुन्हा उशीवर ठेवला. पहिल्याच घंटेला उचलला गेला. मागे दोन म्हाताऱ्या बायकांचं हसणं ऐकू येत होतं, तोंडात काहीतरी असताना हसतात तसं.

"आई, अगं सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मोजायला बसला असता." मग हिल्त्येबाईंचा आवाज एकदम औपचारिक झाला. "थांब. आधी रीत. फ्राउक्ये, तुझ्या आईबद्दल अभिनंदन. विब्रेन, तुझ्या आईबद्दल अभिनंदन. दाउवे आहे ना तिथे? दाउवे, शेजारणीबद्दल अभिनंदन."

त्यांनी गोलातल्या प्रत्येकाचं नाव घेतलं, एकही चुकवलं नाही. आम्ही एकेक करून आभार मानले. दुसरं काय करणार, रीतच तशी आहे.

"आई, इथे तुझी खुर्ची रिकामी आहे गं," फ्राउक्ये म्हणाली.

पलीकडे बशीवर चमचा वाजला. मग हिल्त्येबाई म्हणाल्या, रागावून नव्हे, नुसती चौकशी केल्यासारखं:

"मग बसवा की कोणाला तरी. चौथ्याच्या खाली पाचवं कोण होतं? आउक्ये विचारतेय."

यावर अंदाज कसा करायचा हे आम्हाला माहीत नव्हतं. विब्रेन फरशीवरच्या खुणांकडे पाहत होता, आणि त्याच्या बाबतीत मी प्रथमच पाहिलं की गणित सुरू नाही. तो फोनकडे वाकून म्हणाला, "आई, मी येऊ का तिकडे?" त्या म्हणाल्या, "या की. पण केक संपत आलाय." फ्राउक्येने तोवर कोट घातला होता. दोघं दुपारच्या बोटीला पोचली. बोट होती, आणि जवळजवळ रिकामी होती. मी गोलात बसून राहिलो, कारण माझ्या चीजच्या चौकोनांची वेळ अजून यायची होती.

दोघी बहिणी तिकडे एकमेकींशेजारी बसल्या आहेत ते अजून उठलेल्या नाहीत. हिल्त्येबाई नाताळनंतर परततील असं गोस म्हणतो.

आता आकडा. त्या शुक्रवारी घरी येणाऱ्या पाहुण्यांबद्दल मंत्रिमहोदय एक अक्षर बोलले नाहीत. जे काही बोलले ते फुटबॉलच्या मैदानांबद्दल होतं. तुम्ही इतका वेळ त्या आकड्याची वाट पाहत वाचत आलात, म्हणजे तुम्हालाही चार खुर्च्या मिळाल्या तर कोण, हे तुम्ही मनातल्या मनात केव्हाच ठरवून टाकलं आहे. लाजू नका, मी ते कुणाला सांगणार नाही. पाचव्या माणसाला ते आधीच ठाऊक आहे.